‘स्वतःबद्दल सांगा’ : मुलाखतीच्या प्रश्नांचा इतिहास आणि आपले नवे अभियंते

इंजिनियरिंगचे शेवटचे वर्ष आले की आपल्या वस्त्यांतली पोरे-पोरी मुलाखतीच्या तयारीला लागतात. कुणी प्रश्नोत्तरांची पुस्तके आणते, कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघते, कुणी आरशासमोर उभे राहून इंग्रजी वाक्ये पाठ करते. तयारी केलीच पाहिजे. पण आपण जे प्रश्न पाठ करतो ते आले कुठून, हेही आपल्याला ठाऊक हवे. प्रश्नांनाही इतिहास असतो आणि तो इतिहास आपल्या विरोधात गेलेला आहे.

नोकरीच्या मुलाखतीत दोन जातींचे प्रश्न असतात. ओहमचा नियम सांगा, स्टीलच्या सळईवर ताण वाढवत नेला तर काय होते, डेटाबेसमधली दोन टेबले कशी जोडाल, हे पहिल्या जातीचे प्रश्न. त्यांचे उत्तर मजुराच्या मुलाने दिले काय आणि कलेक्टरच्या मुलीने दिले काय, बरोबर ते बरोबरच. दुसऱ्या जातीचे प्रश्न वेगळे असतात. स्वतःबद्दल सांगा. घरी कोण कोण असते? वडील काय करतात? प्रवेश परीक्षेत रँक किती होता? यांचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, ते घरात असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की या दुसऱ्या प्रश्नांना जेव्हा जेव्हा मोकळे रान मिळाले, तेव्हा तेव्हा पहिल्या प्रश्नांवर मिळवलेले गुण पाण्यात गेले.

व्यक्तिमत्त्वाला गुण केव्हापासून?

आयसीएससाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली १८५५ साली. तिचा भर लेखी पेपरांवर होता. १९१७ मध्ये ब्रिटनमधल्या लेथ्स समितीने लेखी परीक्षेला तोंडी परीक्षेची जोड देण्याची शिफारस केली. उमेदवाराची हुशारी आणि तरतरी समोरासमोर पाहावी, हा हेतू सांगितला गेला. स्वतंत्र भारताने ही पद्धत पुढे चालवली आणि तिला नाव दिले व्यक्तिमत्त्व चाचणी.

त्याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते? बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच विद्यापीठाने ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्यासाठी प्रवेशअर्ज बदलला. धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, असे प्रश्न अर्जात आले. फोटो आणि मुलाखतही आली. हार्वर्डनेही १९२६ पासून ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन दिले. स्थलांतरित ज्यूंची मुले लेखी परीक्षेत मागे पडत नव्हती. त्यांना अडवायला लेखी परीक्षेबाहेरचे माप हवे होते, ते असे तयार झाले. गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. वंचित पोरे पेपरात पुढे गेली की गुणवत्तेची व्याख्या पेपराबाहेर सरकते.

१९५० : अच्युतानंद दास

हा खेळ आपल्या देशात किती जुना आहे ते पाहा. १९५० च्या संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून अच्युतानंद दास हे अनुसूचित जातीचे पहिले आयएएस अधिकारी झाले. लेखी परीक्षेत त्यांना १०५० पैकी ६१३ गुण होते. त्या वर्षी पहिले आलेले एन. कृष्णन यांना लेखीत ६०२ गुण होते. म्हणजे पेपरात दास पुढे होते. मग मुलाखत झाली. ३०० पैकी कृष्णन यांना २६० मिळाले आणि दासांना ११०. लेखीत ४९४ गुण असलेल्या अनिरुद्ध दासगुप्ता यांना मुलाखतीत २६५ मिळाले आणि ते २२ व्या क्रमांकावर गेले. दास ४८ व्या क्रमांकावर आले.

संविधान नुकतेच लागू झाले होते, शाई वाळायची होती. ज्या माणसाने पेपरात पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारालाही मागे टाकले, त्याचे ‘व्यक्तिमत्त्व’ मात्र ३०० पैकी ११० एवढेच निघाले! मंडळापुढे काय बोलणे झाले, कोणते प्रश्न विचारले, याची नोंद आपल्यापुढे नाही. गुण मात्र आहेत, आणि ते पुरेसे बोलतात.

श्रीनगरचे इंजिनियरिंग कॉलेज

आता थेट इंजिनियरिंगकडे येऊ. श्रीनगरच्या रीजनल इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण होते आणि मुलाखतीला ५०. म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडी. या ५० गुणांत सामान्यज्ञान होते, एखादी गोष्ट समजून घेण्याची क्षमता होती, अवांतर उपक्रम होते आणि ‘व्यक्तिमत्त्व’ही होते. लेखीत चांगले गुण मिळवूनही मुलाखतीत आपटलेले विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांची तक्रार अशी होती की प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली. विचारले ते आईवडिलांबद्दल आणि राहण्याच्या ठिकाणाबद्दल, विषयाचे जवळजवळ काहीच नाही.

हाच अजय हसिया खटला. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने मुलाखतीला ३३ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरवले. प्रवेशासाठी १५ टक्क्यांवर गुण ठेवू नयेत, असे सांगितले. दोन-तीन मिनिटांच्या, विषयाशी संबंध नसलेल्या मुलाखतीतून काहीच जोखता येत नाही, हेही स्पष्ट केले. मुलाखत टेपवर नोंदवून ठेवायला काय हरकत आहे, अशी सूचनाही केली. हे विद्यार्थी जातीच्या प्रश्नावर लढत नव्हते, हे लक्षात घ्या. तरीही त्यांनी बोट ठेवले ते नेमके आपल्या दुखण्यावर. नोंद नसलेल्या खोलीत घराण्याची चौकशी करून गुण दिले, तर ती परीक्षा राहत नाही.

पुढे १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटल्यात सरकारी सेवेच्या मुलाखतीचे गुण १२.२ टक्क्यांपर्यंत राखण्याचे माप पुढे आले. आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या स्तरावरच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. स्टाफ सिलेक्शन कमिशनची ज्युनियर इंजिनियरची भरतीही त्यात आली. कारण सांगितले गेले भ्रष्टाचाराचे, जातीचे नव्हे. पण एक गोष्ट सिद्ध झाली: मुलाखतीशिवायही अभियंता निवडता येतो.

खासगी दारावर कोण उभे आहे?

हे सगळे न्यायनिवाडे सरकारपुरते. आपल्या बहुतेक पोरांना पहिली नोकरी शोधावी लागते खासगी कंपनीत, आणि तिथे ना आरक्षण, ना गुणांची मर्यादा, ना नोंद. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक फक्त नावाचा. उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. म्हणजे मुलाखतीच्या खुर्चीत बसण्याआधीच आडनावाची मुलाखत झालेली असते.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास आला. हे अधिकारी सांगत की आम्ही जात पाहत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो. तेच पुढे सांगत की उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आम्ही विचारतोच. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची! जात हा शब्द न उच्चारता जात विचारण्याची ही रीत आहे. घरच्यांचे शिक्षण, वडिलांचा हुद्दा, बालपणीचे गाव एवढे कळले की बाकीचे हिशेब ऐकणारा स्वतः करतो.

काही जण म्हणतील, कंपनीला माणूस बोलका आहे का, चार जणांत मिळून काम करेल का, हे पाहावेच लागते. मान्य. मग तेच विचारा. प्रोजेक्टमध्ये मशीन बंद पडले तेव्हा गटाने काय केले, हे विचारा. त्यासाठी वडिलांचा हुद्दा कशाला लागतो?

मग उत्तर कसे द्यायचे?

इतिहास सांगून हात झटकणे आम्हाला मान्य नाही. उद्या ज्याची मुलाखत आहे त्याने काय करावे?

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटले की घरापासून नव्हे, कामापासून सुरुवात करा. नाव, शाखा, मग लगेच आपला प्रोजेक्ट: काय बनवले, कोणता भाग माझा, कुठे अडले, कसे सोडवले. तुम्ही जे सांगाल त्यावरच पुढचा प्रश्न येतो. म्हणून ज्या विषयावर तुम्ही पक्के आहात तिकडे बोलणे न्या.

‘वडील काय करतात?’ याला खरे आणि एका वाक्याचे उत्तर द्या. सफाई कामगार असतील तर सफाई कामगार सांगा. खाली मान घालू नका, करुण कहाणीही सांगू नका. नोकरी दया म्हणून मिळवायची नाही. उत्तर द्या आणि पुन्हा कामाकडे या.

‘रँक किती होता?’ या प्रश्नामागे बहुधा प्रवर्ग शोधण्याचा डाव असतो. खोटे सांगू नका. रँक सांगा आणि जोडा: चार वर्षांत मी हे विषय शिकलो, हे बनवले, त्याबद्दल विचारा. आरक्षण ही भीक नाही, संविधानाने दिलेले प्रतिनिधित्व आहे, ही गाठ मनात पक्की असली की आवाज कापत नाही.

तांत्रिक प्रश्न आला नाही तर थापा मारू नका. ‘हे मला नक्की ठाऊक नाही, पण मी असा विचार करेन’ असे म्हणा आणि मोठ्याने विचार करून दाखवा. अभियंत्याचे काम तेच आहे. आणि इंग्रजी अडले तर छोटी, साधी वाक्ये वापरा. आकृती काढून दाखवा. आकृतीला उच्चार नसतो.

हे सगळे एकट्याने होणार नाही. सवर्ण घरातल्या मुलाची निम्मी तयारी जेवणाच्या टेबलावर होते. काका, मामा, मोठा भाऊ त्याची मुलाखत घेत असतात. आपल्यासाठी तो काका-मामा समाजाने व्हायचे आहे. नोकरीला लागलेल्या प्रत्येक अभियंत्याने रविवारी दोन तास वस्तीतल्या विहारात बसून पाच पोरांच्या सराव मुलाखती घ्याव्यात. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला थोडा पैसा यासाठी वळवला तर बाबासाहेबांना त्याहून मोठे अभिवादन नाही. त्यांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शास्त्र आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली होती. आपल्यातून कारकूनच नव्हे, अभियंतेही निघावेत ही त्यांची धडपड होती.

सरावाबरोबर मागणीही हवी. कॅम्पसवर येणाऱ्या प्रत्येक कंपनीने सर्व उमेदवारांना ठरलेले तेच प्रश्न विचारावेत. कुटुंब आणि रँक यांची चौकशी बंद व्हावी. मुलाखतीची नोंद राहावी. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाकडे विद्यार्थी संघटनांनी हे लेखी मागावे. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाई तर सोडायचीच नाही.

अच्युतानंद दासांना ११० गुण देणारे मंडळ काळाच्या पडद्याआड गेले, पण त्या मंडळाची खुर्ची अजून रिकामी झालेली नाही. तिच्यासमोर बसताना आपल्या पोरांना पेपराबरोबर हा इतिहासही तोंडपाठ असू द्या.

जय भीम!