बंदुकीचा पट्टा

युद्धांच्या इतिहासात सेनापतींची नावे नोंदली जातात, तोफांची संख्या सांगितली जाते, बंदुकीच्या नळीचा व्यास आणि गोळीचा पल्लाही काळजीपूर्वक टिपला जातो. परंतु ती बंदूक शिपायाच्या खांद्यावर ज्या एका चामड्याच्या पट्ट्याने टांगलेली असते, त्याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. वस्तुतः शिपायाच्या आयुष्यात बंदूक झाडण्याचे क्षण थोडे आणि ती वाहून नेण्याचे तास असंख्य. चार साडेचार किलोचे ओझे घेऊन दिवसाकाठी पंधरा-वीस मैल चालणाऱ्या माणसाला नळीपेक्षा पट्ट्याचा संबंध अधिक येतो. त्या पट्ट्याचा इतिहास पाहू गेले, की कातडे कमावणारे, शिवणारे आणि विकणारे असे एक संपूर्ण जग दृष्टीस पडते. आणि त्या जगाचा एक मोठा भाग भारतात आहे.

पट्ट्याची रचना दिसायला साधी. बंदुकीच्या नळीकडील बंदाला एक कडी, घोड्याच्या संरक्षक कमानीपाशी किंवा दस्त्याखाली दुसरी कडी, आणि या दोहोंमध्ये सव्वा इंच रुंदीच्या आसपासची चामड्याची वादी. परंतु या वादीकडून अपेक्षा मोठ्या असतात. ती ताणली जाता कामा नये, कारण ताणलेला पट्टा चालताना बंदूक हेलकावत ठेवतो. ती पावसात भिजून वाळली तरी लाकडासारखी कडक होता कामा नये. तिची कड खांद्याला कापू नये आणि तिची शिवण ऐन वेळी उसवू नये.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल भारतीय वाचकाला परिचित आहे, ती तिच्या काडतुसांमुळे. त्या काडतुसांना लावलेल्या चरबीच्या वार्तेने १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटला. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. त्याच शिपायांच्या छातीवर पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे पट्टे होते आणि बंदुकीलाही चामड्याचीच वादी होती. त्यापूर्वी, १८०६ साली वेल्लोर येथे शिपाई उठले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत नव्या पागोट्यावरील चामड्याच्या तुऱ्याचा समावेश होता. खांद्यावर चालणारे चामडे मस्तकावर चालत नव्हते, आणि जनावराची चरबी दातांपर्यंत येऊ द्यायची नव्हती. चामड्याविषयीची ही तारतम्याची दृष्टी भारतीय समाजात किती सूक्ष्म होती, हे इंग्रज अधिकाऱ्यांना उमगले नाही. चामडे वापरणे आणि चामड्याला हात लावणाऱ्या माणसाला दूर ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच समाजात सुखाने नांदत होत्या, हेही त्यातच आले.

त्या काळी ब्रिटिश फौजेतील पट्टे बहुधा 'बफ' चामड्याचे असत. कातड्याचा वरचा पोत खरवडून काढून ते माशाच्या तेलात मुरवले, की मऊ आणि पिवळसर चामडे तयार होई. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप चढवावा लागे. शिपायाचा मोकळा वेळ या लेपण्यातच जाई, आणि पाऊस आला की सारी सफेदी गणवेशावर ओघळे. कवायतीच्या मैदानावर शोभणारा हा पांढरा पट्टा रणांगणावर मात शत्रूला दुरून खूण दाखवी.

१८५७ च्या धामधुमीनंतर सरकारला एक अडचण प्रकर्षाने जाणवली. तोफखान्याचे साज, खोगिरे, पट्टे, हे सारे विलायतेहून मागवण्यात खर्च फार आणि विलंब त्याहून अधिक. बंगाल तोफखान्यातील कॅप्टन जॉन स्ट्युअर्ट याने १८६० च्या सुमारास कानपूर येथे कातडी कमावण्याचा उद्योग सुरू केला, आणि त्यातूनच तेथील सरकारी साज व खोगीर कारखाना उभा राहिला. जागेची निवड सर्वथा योग्य होती. अवध आणि दुआबातून गाई-म्हशींची कातडी मुबलक येत, गंगेचे पाणी जवळ होते, अलाहाबादहून येणारी रेल्वे १८५९ साली कानपुरास पोहोचली होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सभोवारच्या रानात बाभळी अमाप होत्या. पुढे १८८० च्या दशकारंभी विल्यम अर्नशॉ कूपर आणि जॉर्ज ॲलन यांनी तेथेच कूपर ॲलन कंपनी काढली आणि लष्करी बूट व चामडी सामान यांचा प्रचंड व्यवसाय उभारला. मुंबईतही सर आदमजी पीरभॉय यांनी लष्कराला तंबू व बूट पुरवून नाव मिळवले, आणि धारावीच्या चर्मोद्योगाला त्यांच्या कारखान्याने बळ दिले.

बाभळीचे महत्त्व समजण्यासाठी कातडे कमावण्याची क्रिया थोडी पाहिली पाहिजे. ओले कातडे प्रथम चुन्याच्या कुंडात ठेवून त्यावरील केस सैल करतात. मग ते खरवडून, धुऊन, सालीच्या अर्कात मुरत ठेवतात. सालीतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंत शिरते आणि सडणारे कातडे टिकाऊ चामडे बनते. सुरुवातीला अर्क सौम्य लागतो, मग टप्प्याटप्प्याने कडक. घाई केली तर वरचा थर कमावला जातो आणि गाभा कच्चा राहतो. जाड कातड्याला या कामी महिनेच्या महिने लागतात. खेड्यातील पद्धत याहून साधी होती: कातड्याची पिशवी शिवून ती खुंटाला टांगायची, तिच्यात सालीचा अर्क भरायचा आणि तो झिरपत राहील तसा पुन्हा ओतायचा. महाराष्ट्रात ढोर समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. विहिरीवरची मोट, बैलांचा साज, पायातल्या वहाणा हे सारे तिच्यावर अवलंबून होते. दक्षिणेत बाभळीऐवजी तरवडाची साल चाले, आणि सह्याद्रीच्या रानातला हिरडा तर साऱ्या जगाच्या चर्मोद्योगात गेला. व्यापारी लोक हिरड्याच्या प्रती जागेच्या नावाने ओळखत आणि त्यांत जबलपूर, भिमलीपट्टण यांच्या जोडीला वेंगुर्ल्याचेही नाव होते.

कमावलेल्या चामड्याचा कोणता भाग पट्ट्यासाठी घ्यायचा, यात कारागिराची पारख असे. जनावराच्या पाठीकडचे कातडे घट्ट आणि एकसारख्या जाडीचे असते. पोटाकडचे सैल, ओढले की लांबणारे. पोटाच्या चामड्याचा पट्टा पहिल्या महिन्यात चांगला दिसतो आणि दुसऱ्या महिन्यात लोंबू लागतो. निवडलेल्या चामड्याला चरबी आणि तेल चोळून ते मऊ केले जाई, मग रापीने सरळ वादी काढून तिच्या कडा घासून गोल केल्या जात. शेवटी शिवण. खोगीरवाल्यांची जुनी रीत अशी, की एका मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या, आरीने भोक पाडायचे आणि दोन्ही सुया त्याच एका भोकातून परस्परविरुद्ध दिशांनी काढायच्या. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे टाके सुटत नाहीत. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्येच एकमेकांत अडकलेले असतात. त्यांतला एक झिजून तुटला की पुढची शिवण सैल होऊ लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चामड्यावर संकट आले ते दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात. १८९९ ते १९०२ या काळातील त्या मोहिमेत ऊन, पाऊस आणि धूळ यांनी चामडी सामानाची परीक्षा घेतली. काडतुसांचे चामडी कप्पे ताणून सैल झाले आणि त्यांतून काडतुसे वाटेत गळू लागली. ॲन्सन मिल्स या अमेरिकी अधिकाऱ्याने विणीव सुती पट्ट्यांची पद्धत आधीच सिद्ध केली होती. १९०८ साली ब्रिटिश पायदळाने ती स्वीकारली आणि बंदुकीचा पट्टाही विणीव झाला. चामड्याचा काळ संपला, असेच तेव्हा अनेकांना वाटले असेल.

परंतु १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि लक्षावधी नवे सैनिक भरती होऊ लागले. विणीव पट्टे तयार करणारे माग तेवढी मागणी पुरी करू शकेनात. खोगीर आणि साज शिवणारे कारागीर मात्र इंग्लंडमधील वॉल्सॉलसारख्या गावांत हाताशी होते. म्हणून १९१४ च्या नमुन्याचे चामडी सामान घाईने ठरवण्यात आले, आणि हजारो सैनिक पुन्हा चामड्याचे पट्टे खांद्यावर घेऊन फ्रान्सला गेले. भारतातून गेलेल्या कमावलेल्या कातड्यांनी त्याच युद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांचे वरचे भाग बनले.

अमेरिकेने या पट्ट्याला आणखी एक काम दिले. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी त्यांनी १९०७ साली जो पट्टा ठरवला, तो दोन तुकड्यांचा होता: एक लांब, एक आखूड, आणि त्यांना जोडणारे धातूचे दुहेरी आकडे. लांब तुकड्याचा फास नेमबाज कोपराच्या वर दंडाला अडकवतो, पुढचा पंजा पट्ट्याभोवती वळसा घेऊन लाकडाला टेकतो आणि पट्टा ताठ झाला की हात, दंड व बंदूक यांचा जणू एकच त्रिकोण बनतो. स्नायूंचा थरकाप त्यात विरून जातो. अर्थात हे घडते ते पट्टा ताणला जात नसेल तरच. या पट्ट्याने दोन महायुद्धे पाहिली. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जागी कापडी पट्टा आला, तरी नेमबाजीच्या स्पर्धांत चामड्याचा पट्टा आजही दिसतो.

आता त्या हातांकडे वळले पाहिजे, ज्यांनी हे सारे केले. कानपूरच्या कारखान्यांत काम करणारे बहुसंख्य कामगार ज्या जातींतून आले, त्यांना गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. इंग्रज सरकारला त्यांचे कसब हवे होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती' ठरवून सैन्यभरतीची दारे अनेकांना बंद करण्यात आली. महाराष्ट्रातील महारांची भरती १८९० च्या दशकात थांबली, वास्तविक मुंबईच्या फौजेत त्यांची सेवा दीर्घ होती. म्हणजे ज्या हातांनी पट्टा शिवावा, त्या खांद्यांनी तो घेऊ नये, असा हा न्याय! पहिल्या महायुद्धात तात्पुरती एक महार पलटण उभारली गेली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि टिकली. १९४३ साली स्थापन झालेली चमार रेजिमेंट मात्र १९४६ सालीच विसर्जित झाली.

कारखान्याच्या मजुरीने एक गोष्ट निश्चित केली. गावच्या बलुत्यापासून मोकळी झालेली, हातात रोख पैसा असलेली माणसे शहरात एकत्र आली. स्वामी अछूतानंद यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आदि-हिंदू चळवळीचे केंद्र कानपुरात उभारले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. त्याच सुमारास, १९२७ साली, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. एका ठिकाणी चामड्याच्या धंद्याने माणसांना बळ दिले, तर दुसऱ्या ठिकाणी त्या धंद्याला चिकटलेली गुलामी झुगारणे आवश्यक ठरले. या दोन्ही वाटा एकाच स्वाभिमानाकडे जात होत्या.

दरम्यान कमावण्याची क्रियाही बदलली. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे काही दिवसांत तयार होते, हे अमेरिकेत १८८० च्या दशकात सिद्ध झाले. भारतात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास मद्रास येथे त्याचे प्रयोग केले. वेग आणि स्वस्ताई यांमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. त्याची किंमत कानपूरने गंगेच्या रूपाने मोजली. जाजमऊच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाला कारखाने बंद करण्याचे आदेश द्यावे लागले. पट्ट्याच्या दृष्टीनेही क्रोमचे चामडे गैरसोयीचे, कारण ते मऊ आणि ताणले जाणारे असते.

जुन्या रायफली जतन करणारे संग्राहक आज युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. भारतात .३०३ ची रायफल सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. या संग्राहकांपुढे प्रश्न असा, की मूळचा पट्टा बहुधा निकामी झालेला असतो. हवेतील गंधकयुक्त वायूंनी जुने चामडे लालसर भुकटी होऊन झडू लागते. १९०१ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने पुस्तकबांधणीच्या चामड्याची चौकशी केली, तेव्हा असे आढळले की काही सालींनी कमावलेले चामडे लवकर कुजते आणि सुमाकसारख्या द्रव्याचे अधिक टिकते. आपला हिरडाही रासायनिक दृष्ट्या त्या दुसऱ्या गटातला. म्हणून जुना पट्टा पेटीत जपावा आणि बंदूक नव्या पट्ट्याला टांगावी, हेच शहाणपणाचे.

तो नवा पट्टा पारखण्याच्या कसोट्या शंभर वर्षांपूर्वीच्याच आहेत. चामडे सालीने कमावलेले आहे का, कापलेल्या कडेत आतपर्यंत एकच रंग दिसतो का, वादी पाठीच्या कातड्याची आहे का, वाकवली तर पोत तडकतो का, शिवण दोन सुयांची आहे का, आणि आकडे व बक्कल यांच्या कडा चामड्याला कापणार नाहीत अशा घासलेल्या आहेत का? ज्या विक्रेत्याला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याचा पट्टा भिंतीवर शोभेसाठी ठीक. अशा प्रतिकृती बनवणाऱ्यांत भारतीय कारागीर बरेच आहेत. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आहे, आणि जुना सरकारी साज कारखाना २०२१ पासून ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या कंपनीचा भाग झाला आहे. स्वस्त मालाच्या मागणीमुळे या कारागिरांकडून पुष्कळदा घाईचे काम करून घेतले जाते, आणि मग 'भारतीय माल हलका' असा शिक्का त्यांच्याच माथी बसतो. योग्य वेळ आणि योग्य दाम दिले, तर त्याच शहरातले हात पहिल्या प्रतीची शिवण घालू शकतात. दीर्घकाळ साम्राज्याचे ओझे त्यांच्याच टाक्यांवर टांगलेले होते.

वस्तुसंग्रहालयात रायफलीखाली तिचा नमुना, वर्ष आणि कारखाना यांची पाटी असते. पट्ट्याखाली सहसा काहीच नसते. बाभळीची साल सोलणारा, कुंडात उभा राहून कातडे उलटणारा आणि दोन सुयांनी टाका घट्ट ओढणारा माणूस त्या रिकाम्या जागेत उभा आहे, एवढे पाहणाऱ्याने ओळखले, तरी इतिहासाचे थोडे ऋण फिटेल.