ह्यूस्टनची वीज आणि नव्वद गॅलनचा समुद्र

फेब्रुवारी २०२१. टेक्सासच्या झाडून सगळ्या २५४ काउंटींना हिमवादळाचा इशारा मिळाला आहे. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, कॅटीतल्या एका दिवाणखान्यात नव्वद गॅलनचा, म्हणजे सुमारे ३४० लिटरचा, खाऱ्या पाण्याचा टँक चालू आहे. पुढच्या नोंदींत विजेचे तपशील खरे आहेत. टँक मात्र नमुन्यादाखल घेतलेला. त्याचे आकडे अंदाजाचे आहेत. आत फांद्यांचे दगडी प्रवाळ आहेत: ॲक्रोपोरा, पोसिलोपोरा आणि जोडीला मॉन्टिपोरा. भारतात हे घरी पाळता येत नाहीत. २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीत आहेत. अमेरिकेत टँकमध्येच वाढवलेला बोटभर तुकडा दुकानात विकत मिळतो.

रविवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
राज्याची विजेची मागणी ६९,००० मेगावॉटच्या वर गेली आहे. हिवाळ्यातला हा तोवरचा उच्चांक. टँकचं पाणी २५.५ अंश. दोन वेव्हमेकर पाणी नुसतं ढवळत नाहीत, घुसळतात. फांद्यांच्या प्रवाळाला हे लागतंच. तो उथळ समुद्रात, लाटा फुटतात तिथे वाढतो.

रात्री ११
टँकचे दिवे वेळेनुसार मालवले. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल दिवसा त्याला साखर आणि प्राणवायू पुरवतं, रात्री तेही प्राणवायू घेणाऱ्यांत सामील होतं. मासे, खडकातले जिवाणू, प्रवाळ, सगळेच आता घेणारे. पंप फिरताहेत म्हणून पाण्याचा पृष्ठभाग हलतो आहे आणि हिशोब जुळतो आहे.

सोमवार, १५ फेब्रुवारी, रात्री १.२० च्या सुमारास
वीजयंत्रणा चालवणाऱ्या एर्कॉटने आणीबाणीची तिसरी पायरी जाहीर केली आणि भारनियमनाचा हुकूम दिला. दोनच्या अलीकडे वारंवारता साठ हर्ट्झवरून ५९.३ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली ती चार मिनिटं तेवीस सेकंद राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर वीजकेंद्रं आपोआप सुटत जाऊन सगळं राज्य अंधारात गेलं असतं. राज्य वाचलं. कॅटीतली गल्ली अंधारात गेली.

टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोतून थोडं खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरलं आणि थांबलं. फेसातून घाण काढणारा स्किमर बंद, हीटर बंद, वेव्हमेकर बंद.

रात्री २.३०
घरातले जागे आहेत, पण निवांत. वीज आळीपाळीने जाणार, असं जाहीर झालं आहे. जो भारनियमनाच्या महाराष्ट्रात वाढला, त्याला आळीपाळी म्हटलं की पेपरात छापलेलं वेळापत्रक आठवतं: गेली तशी येईल. इथे मात्र आळी होती, पाळी नव्हती. इस्पितळांसारख्या ठिकाणांच्या वाहिन्या तोडता येत नव्हत्या, आणि कपात वाढत वाढत २०,००० मेगावॉटवर जाणार होती. उरलेल्या वाहिन्या सगळ्या बंद ठेवूनच ती भरायची होती. फिरवायला काही शिल्लकच नव्हतं.

माझ्या मते टँकचा निकाल याच तासात लागला. थंडी अजून पाण्यात शिरलेलीच नाही. ३४० लिटर पाणी ऊब सहज सोडत नाही. पण या तापमानाला खाऱ्या पाण्यात मुळात लिटरमागे सातएक मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, आणि हवेतून नवा येण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे. शिवाय स्थिर पाण्यात प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक निपचित थर साचतो. पलीकडे प्राणवायू असला तरी त्या थरातून तो मुंगीच्या पावलांनी आत येतो. एकाच जागी रुजलेल्या प्राण्याला बाजूला सरकण्याचीही सोय नाही.

दहा-पंधरा डॉलरचा, सेलवर चालणारा हवेचा पंप या तासाला पुरला असता. तोही नसेल तर तांब्याने पाणी काढून वरून धारेने ओतत राहणं, हेसुद्धा काम करतं. पण वीज अर्ध्या तासात येणार असेल तर थंडीत तांब्या घेऊन कोण उभं राहील?

पहाटे ४
वीज नाही. आता थंडीची काळजी, म्हणून टँकवर रजया. बाजूंना गुंडाळणं ठीकच. पण वरूनही झाकल्यामुळे पाणी आणि हवा यांची उरलीसुरली गाठभेटही थांबली.

सकाळी ६.३०
बाहेर उणे आठ. पाणी २४ अंश, म्हणजे प्रवाळाच्या दृष्टीने उत्तम! टँग मासे वर येऊन तोंड उघडमिट करताहेत. ॲक्रोपोराच्या फांद्यांवरून चिकट स्रावाचे धागे लोंबताहेत.

दुपारी १
पाणी २२. एका ॲक्रोपोराची कातडी बुडापासून सुटली. छंदातले लोक याला आरटीएन म्हणतात: सकाळी रंगीत असलेली फांदी संध्याकाळपर्यंत पांढरी पडते. सुटलेलं मांस पाण्यात कुजतं, कुजताना आणखी प्राणवायू खातं आणि अमोनिया सोडतं. मग शेजारची फांदी.

घरात गाडीच्या बॅटरीवर पंप चालवण्याची चर्चा झाली. गाडी अंगणात उभी करून हे जमतं. बंद गॅरेजात सुरू ठेवलेल्या गाड्यांनी त्या आठवड्यात टेक्सासमध्ये माणसं मारली.

मंगळवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ६
बाहेर उणे दहा, घरात ५, पाण्यात १६. जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेत फ्लोरिडा कीजच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळ मेले, तेव्हा धोक्याची रेघ म्हणून हाच आकडा पुढे आला होता. फरक इतकाच, की तिथे पाणी वाहत होतं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी
मध्यरात्रीच्या सुमारास कपातीचे हुकूम संपले, कॅटीतल्या घरातही वीज आली. वेव्हमेकर पूर्ण जोरात सुरू झाले आणि तळाशी बसलेली घाण सगळ्या पाण्यात पसरली. तग धरून असलेला एकुलता एक क्लाउनफिश दुपारपर्यंत गेला. सावलीतल्या खडकाला चिकटलेल्या मॉन्टिपोराचा नाण्याएवढा ठिपका जिवंत राहिला.

सोमवार, २२ फेब्रुवारी
डोसिंग पंपाला कुणी हात लावलेला नव्हता. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारता ओढून घेतात, ती तूट हा पंप रोज ठरल्या मापाने भरून काढतो. चाचणीत क्षारता ८ वरून १२ वर गेलेली निघाली. पंपाची तार काढली.