वसुली आणि बँकखाते : प्रस्तावना

कर्ज थकणे हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा नाही. (दिलेला धनादेश वटला नाही तर गोष्ट वेगळी.) तरीही भोपाळच्या कोलार रोडवर, जिथे घरापासून दुचाकीपर्यंत बरेच काही हप्त्यांवर घेतलेले असते, वसुलीवाल्याचा फोन आला की माणूस दार लावून बोलतो. ही लाज हेच वसुलीचे भांडवल आहे. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना आधी तिच्याकडेच बोट दाखवावेसे वाटते.

विषय तसा आपल्याच मुलखातला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे भर बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुढे गावोगाव कर्जरोखे जळाले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला होणारी कैद त्याने बंद केली. मला मात्र मोलाचे वाटते ते दुसरेच: पावती आणि वर्षाकाठी हिशेब मागण्याचा हक्क.

दारावरच्या वसुलीचे नियम आता बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. गुंडांकरवी होणाऱ्या वसुलीवर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये ताशेरे ओढले. सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन नको, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले. खरी गुंतागुंत आवाज न करता होणाऱ्या वसुलीत आहे. न्यायालयाची जप्ती आली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 कारागिराची हत्यारे, सरकारी निवृत्तिवेतन, पगाराचा बराचसा भाग वाचवते. पण कर्ज आणि खाते एकाच बँकेत असेल, तर बँक न्यायालयाची पायरी न चढताही खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू पाहते. हे कुठवर चालावे, यावरच अभ्यासकांनी अधिक लिहायला हवे.

भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वृद्धाचे प्रकरण याच्या शेजारचे. त्यांनी कर्ज घेतलेले नव्हते. जास्त पेन्शन दिली गेली, असे म्हणत स्टेट बँकेने त्यांच्या पेन्शनमधून कपात सुरू केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2020 मध्ये ती बेकायदा ठरवून पैसे परत करायला लावले, वर 50,000 रुपये भरपाईही दिली.

न्यायालयापर्यंत जाणे प्रत्येकाला झेपत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपाल कर्ज माफ करत नाही. ते वसूल करण्याची रीत तपासतो.