मोडशी : गोव्यातून फ्रेंचांच्या तोंडी

पावसाळ्यात पोट बिघडले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, 'मोडशी झाली', आणि आल्या-लिंबाचा रस पुढे करतात. आज मोडशी म्हणजे अपचन, मळमळ, फार तर दोन-चार जुलाब. सोळाव्या शतकातल्या गोव्यात मात्र या नावाने माणसे हादरत.

१५४३ साली तिथे मोठी साथ आली. गास्पार कोरैया या पोर्तुगीज इतिहासकाराने ती नोंदवून ठेवली आहे. माणसे इतकी दगावू लागली, की मेलेल्यांसाठी चर्चची घंटा वाजवायला गव्हर्नरने मनाई केली. रुग्णालयातल्या एका मृताचे पोट त्याने वैद्यांकडून उघडवून पाहिले, तर जठर आकसून गेलेले.

पुढे गार्सिया द ओर्ता या गोव्यातल्या वैद्याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात रोगाचे नावच तपासले. इथले लोक 'मोर्शी' म्हणतात, आपण पोर्तुगीज ते बिघडवून 'मोर्देशी' म्हणतो, असे तो सरळ लिहितो. बुडालेली नाडी, थंड घाम, खोल गेलेले डोळे आणि जून-जुलैतला जोर हेही त्याने टिपले. आपल्या 'ड'ला पोर्तुगीजांकडे अक्षर नव्हते. कुणी त्या जागी 'र' लिहिला, कुणी 'र्द'. 'श'साठी त्यांचा एक्स होताच.

मोर्देशीचे 'मोर्देशिं' झाले आणि फ्रेंचांच्या कानाला ते ओळखीचे वाटले : 'मॉर द शियँ', म्हणजे कुत्र्याचे मरण! रोगाची भीषणता पाहता हा अर्थ लोकांना पटलाही. या कुत्र्याचा माग १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने काढला, तो थेट मराठी-कोकणी 'मोडशी'पाशी आणि 'मोडणे' या क्रियापदापाशी.

ही व्युत्पत्ती फार नेमकी आहे. ती जुनी मोडशी म्हणजे कॉलरा. कॉलऱ्यात अंगातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात, पायांत पेटके येतात, धडधाकट माणूस मोडून पडतो. रोगजंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात ओळखला तो १८८४ साली. त्याच्या कितीतरी आधी नाव ठेवणाऱ्यांनी रोग्याकडे नीट पाहिले होते.

मराठीत या रोगाला पटकी, महामारी, कॉलरा अशी नावे रूढ झाली आणि मोडशी घरगुती पोटदुखीपुरती उरली. तरीही जुलाब पेजेसारखे पांढुरके होऊ लागले, लघवी थांबली, तर आल्याच्या रसावर विसंबू नये. लगेच जलसंजीवनी सुरू करावी आणि रोग्याला दवाखान्यात न्यावे.