पाडव्याची ओवाळणी

पाडव्याची ओवाळणी म्हणजे दिवाळीत बलिप्रतिपदेला (कार्तिक शुद्ध प्रतिपदा) पत्नीने औक्षण केल्यावर पतीने तिच्या तबकात घातलेली भेट होय. भाऊबिजेची ओवाळणी बहीणभावाच्या, तर पाडव्याची ओवाळणी पतिपत्नीच्या स्नेहाची खूण मानली जाते.

विधी

बलिप्रतिपदेची गणना साडेतीन मुहूर्तांत होते. या दिवशी शिव-पार्वती द्यूत खेळले व त्यात पार्वती जिंकली, अशी पुराणकथा आहे. पाटाभोवती रांगोळी काढून पतीला बसवतात. पत्नी त्याला कुंकू-अक्षता लावते, सुपारी व सोन्याची अंगठी ओवाळते आणि नंतर निरांजनाने औक्षण करते. त्यानंतर पती तबकात भेट ठेवतो. विवाहानंतरची पहिली दिवाळी पत्नीच्या माहेरी 'दिवाळसण' म्हणून साजरी होते. त्या वेळी जावयालाही आहेर केला जातो.

भेटीची निवड

साडी व दागिना या रूढ भेटी आहेत. ऐपतीनुसार पाटल्या किंवा ठुशीपासून चांदीच्या जोडव्यांपर्यंत, अथवा मंगळसूत्रात ओवण्याच्या एखाद्या सोन्याच्या मण्यापर्यंत काहीही दिले जाते. भेट आधी न सांगण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र बांगडी किंवा अंगठी घेताना माप लागत असल्याने वापरातील जुना दागिना सराफाकडे नेणे सोयीचे ठरते.

सांगली हे सोन्याच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. पु. ना. गाडगीळ या सराफी पेढीची सुरुवात येथे १८३२ साली झाली. जिल्ह्यातील विटा-खानापूर परिसरातील गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरले आहेत. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क बंधनकारक झाला असून त्यासोबतचा सहा अक्षरांकांचा क्रमांक खरेदीवेळी पडताळता येतो.

मालकी

मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले असून प्रीतीने दिलेली वस्तू हा त्यांपैकी एक आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीला भेट म्हणून मिळालेली मालमत्ता सर्वसाधारणपणे तिच्या पूर्ण मालकीची असते. पत्नीचे स्त्रीधन पतीच्या ताब्यात असले तरी मालकी तिचीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात (१९८५) स्पष्ट केले. त्यामुळे ओवाळणीत दिलेला दागिना गहाण ठेवण्याचा किंवा मोडण्याचा निर्णय पत्नीचा असतो. खरेदीची पावती तिच्या नावे केल्यास पुढे पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

हेही पहा

बलिप्रतिपदा, भाऊबीज, दिवाळसण, स्त्रीधन