सरस ते फेव्हिकॉल: आमच्या शास्त्राच्या कपाटाची गोष्ट



दिवाळी झाल्यावर घरातलं शास्त्राचं कपाट पॉलिशला काढलं. पॉलिशवाले काका दाराची फळी घासता घासता म्हणाले, "ताई, हे जुनं लाखेचं पॉलिश आहे. परत लाखेचंच करू का मेलामाइन मारू?" मी "चहा ठेवते" म्हणून आत आले आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. लाख म्हणजे किड्यांपासून काढलेली. आणि हे तेच कपाट, ज्याच्यासाठी माझ्या सासूबाईंनी एका सुताराला काम अर्धवट थांबवून परत पाठवलं होतं.

ती जुनी गोष्ट आधी सांगते.

१९८१ साली लग्न होऊन मी शिरोळ तालुक्यात सासरी आले. नुकतीच बी.कॉम. झालेली, त्यामुळे सगळ्या गोष्टींचा हिशेब लागलाच पाहिजे असं वाटायचं वय. सासूबाईंचा स्वाध्याय रोजचा. ग्रंथ पत्र्याच्या पेटीत असायचे आणि त्यांना कसर लागायची, म्हणून मामंजींनी सागवानी कपाट करायला सुतार बोलावला. तिसऱ्या दिवशी त्यानं परसात तीन दगडांची चूल मांडली, पाण्याच्या भांड्यात एक काळा पडलेला डबा ठेवला आणि काहीतरी वितळवायला घेतलं. वास असा की मला मळमळलं.

सासूबाई बाहेर आल्या. "मिस्त्री, काय शिजवताय?"

"सरस हाय आक्का. जोडाला लागतोय."

"कशाचा असतो तो?"

माणूस सरळ होता. "जनावराच्या कातड्याचा, हाडाचा. कढवून काढत्यात."

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "यात जिनवाणी ठेवायची आहे. हे नको." त्याला जेवू घातलं, झाल्या कामाची मजुरी दिली आणि पाठवलं. कपाटाच्या फळ्या चार महिने भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी तेव्हा वाद घातला. म्हटलं, "आई, या वाड्याची दारं, मामंजींची खुर्ची, तुमचा जपाचा पाट, सगळं सरसानंच जोडलेलं असणार. त्याचं काय?" त्या म्हणाल्या, "ते कळलं नव्हतं तेव्हा झालं. आता कळलंय." मला वाटलं, हा काही हिशेब झाला नाही. आधीची बाकी पुढे ओढायलाच नको का?

पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की सासूबाईंचा नकार सोपा नव्हता. हजारो वर्षं सगळं जग सरसावरच जोडलेलं होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या लाकडी सामानात प्राण्यांपासून केलेला गोंद सापडतो. जनावराच्या कातड्यात, हाडात आणि स्नायुबंधांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. या शब्दातला 'कोला' म्हणजे ग्रीक भाषेत गोंदच. कोलॅजेन पाण्यात बराच वेळ तापवलं की त्याचे धागे उलगडतात आणि चिकट रस तयार होतो. तो वाळवला की सरस, आणि जास्त शुद्ध केला की जिलेटिन. आपण जेलीच्या पाकिटावर, औषधाच्या कॅप्सूलवर जे नाव डोळे बारीक करून शोधतो, ते सरसाचंच धुतलेलं भावंड आहे. खाताना आपण इतक्या जपतो, पण ज्या खुर्चीवर बसून खातो तिच्या सांध्यात काय आहे हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

सरसाला पर्याय नव्हते असं नाही. बाभळीचा डिंक होता, पण तो कागदापुरता. खळ होती. सासूबाई ग्रंथाची फाटलेली पानं खळीनंच सांधायच्या. कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायची, हवी तेवढीच. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे आपण सगळ्याच पाळतो. शिजलेल्या खळीला तर रात्रीचीसुद्धा मर्यादा नाही. उरली की दुसऱ्या दिवशी आंबणार, त्यात जीव पडणार. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण ते विषच, म्हणून सासूबाई ते घालायच्या नाहीत. मग ती खळ खायला कसर यायची. म्हणजे एक टाळावं तर दुसरं समोर उभं.

आणि लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे बारीक किडे वस्ती करतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते खरवडून, वितळवून लाख निघते आणि त्यात असंख्य किडे जातात. आपल्या आचार्यांना हे पक्कं माहीत होतं. श्रावकानं करू नयेत असे जे पंधरा व्यापार सांगितले आहेत, त्यात लाखेचा व्यापार आहे. तरी सुरीचं पातं मुठीत बसवायला लाख, सोनाराला दागिना भरायला लाख, पार्सलवर मोहर करायला लाख, आणि लाकडाला चकाकी आणायलाही लाखच.

हे चित्र बदललं ते गेल्या सव्वाशे वर्षांत, आणि गंमत अशी की सुरुवात लाखेपासूनच झाली. विजेचा वापर वाढला तेव्हा तारा आणि यंत्रांचे भाग विजेपासून वेगळे राखायला लाख वापरत. मागणी वाढली, भाव चढले. मूळचे बेल्जियमचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकेलँड लाखेला पर्याय शोधत होते. १९०७ साली त्यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून संपूर्ण कृत्रिम राळ बनवली. तेच बेकेलाइट. आपल्या लहानपणची विजेची काळी बटणं त्याचीच. पुढे याच जातीच्या राळेनं प्लायवूडचे थर चिकटवायला सुरुवात झाली.

त्याआधी प्लायवूड कशानं चिकटवत हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कत्तलखान्यातल्या रक्तापासून काढलेल्या अल्ब्युमिनचा गोंद त्यासाठी वापरत. दुसरा होता दुधातल्या केसीनचा, चुना मिसळून केलेला. पहिल्या महायुद्धातली लाकडी विमानं या गोंदांवर उडाली. पण केसीनला दमट हवेत बुरशी लागायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो नावाचं लाकडी विमान आधी केसीनवरच जोडत होते, नंतर युरिया आणि फॉर्मल्डिहाइडच्या कृत्रिम गोंदावर गेले. हा गोंद इंग्लंडमधल्या नॉर्मन डी ब्रूइन यांच्या कंपनीनं १९३०च्या दशकात तयार केला होता.

त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये पिअर कास्टन दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होते, त्यातून इपॉक्सी राळ आली. नळाच्या गळतीला आपण दोन रंगांच्या कांड्या मळून लावतो, ती भरणी याच जातीची. १९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेलं रसायन जिथे तिथे चिकटायचं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. १९५१ मध्ये त्याच रसायनानं प्रयोगशाळेतल्या महागड्या उपकरणाच्या काचा एकमेकींना घट्ट चिकटवल्या, तेव्हा त्यांना त्याची किंमत कळली आणि १९५८ साली ते बाजारात आलं. हवेतल्या किंवा बोटावरच्या नावापुरत्या ओलाव्यानं ते घट्ट होतं, म्हणून आपली बोटं आधी चिकटतात!

आता आपल्या घरच्या पांढऱ्या गोंदाकडे येते. जर्मनीतले फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२च्या सुमारास व्हिनाइल ॲसिटेटवर काम केलं. त्यापासून बनणाऱ्या पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की दुधासारखा पांढरा गोंद होतो. लाकडाला लावला की पाणी लाकडात मुरतं, कण एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक पापुद्रा होऊन सांधा पक्का बसतो. चूल नको, डबा नको, वास नको.

भारतात असा गोंद घरोघरी नेला बळवंतराय पारेख यांनी. ते भावनगरजवळच्या महुव्याच्या जैन कुटुंबातले. मुंबईत कायदा शिकले, पण वकिली केली नाही. छापखान्यात काम केलं, लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरीही केली. १९५९ साली त्यांनी फेव्हिकॉल आणला. माझा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणून हे साल मी विसरत नाही. दुकानांवर विसंबून न राहता त्यांची माणसं थेट सुतारांपर्यंत गेली. सुतारांनाही तो पटला, कारण रात्रभर सरस भिजवा, सकाळी वितळवा आणि गार व्हायच्या आत लावा, ही कटकट संपली.

चार महिन्यांनी मामंजींनी सांगलीहून दुसरा मिस्त्री आणला. त्याच्याकडे पांढऱ्या गोंदाचा डबा होता. सासूबाईंनी त्याला विचारलं, उघडून वास घेतला आणि "करा" म्हणाल्या. कपाट उभं राहिलं.

मैत्रिणींनो, यात एक गोष्ट मला आजही विचारात पाडते. बेकेलँडना लाखेचे किडे वाचवायचे नव्हते, त्यांना स्वस्त माल हवा होता. कूव्हर तर बंदुकीसाठी काम करत होते. पांढरा गोंद खपला तो सोयीमुळे. या कुणाच्या खतावणीत 'जीवदया' नावाचं खातं नव्हतं. तरी यांच्या कामामुळे जी हिंसा टळली, ती नुसत्या उपदेशानं टळली नसती. पण उलट बाजूही आहे. पर्याय बाजारात येऊन बावीस वर्षं झाली होती, तरी आमच्या परसात सरसच शिजत होता. सासूबाईंनी "कशाचा असतो?" हा एक प्रश्न विचारला म्हणून तो थांबला. शोध लागणं एकाचं काम, आणि तो आपल्या उंबऱ्याच्या आत आणणं दुसऱ्याचं.

आणि कृत्रिम म्हणजे निर्दोष असंही नाही. हे गोंद तेल आणि वायूपासून बनतात. फॉर्मल्डिहाइडच्या राळेनं केलेल्या नव्या प्लायवूडच्या कपाटात डोकं घातलं की डोळे चुरचुरतात, तो तोच वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणारा ठरवलं. आपण दोन दिवस वास सहन करतो, कारागीर जन्मभर त्यातच श्वास घेतो. तोही पंचेंद्रिय जीव आहे.

म्हणून त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी होते. सरस अडवला, पण त्याच कपाटावर लाख चढली. पॉलिश कशाचं, हे तेव्हा कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना हे कळलं असतं तर फार लागलं असतं, असं आधी वाटलं. मग त्यांचंच वाक्य आठवलं. कळलं नव्हतं तेव्हा झालं, आता कळलंय. तरुणपणी मला ती पळवाट वाटायची. आता कळतं, की मागची बाकी त्या नाकारत नव्हत्या. ती आहे म्हणून पुढचं खातंही तसंच लिहायचं, एवढंच त्यांना मान्य नव्हतं.

चहा घेऊन बाहेर गेले आणि काकांना सांगितलं, "लाख नको." मेलामाइनचं विचारलं, तर त्यातही फॉर्मल्डिहाइडची राळ. काका म्हणाले, "ते मारल्यावर आम्हाला रात्री डोळ्यावर पट्टी ठेवून झोपावं लागतं." मी विचारलं, "जवसाचं तेल चालेल?" ते हसले. "चालेल की! पण चकाकी येणार नाही, आणि दर वर्षी हात फिरवावा लागेल."

म्हटलं, येऊ नको दे. वर्षाला एकदा हात फिरवीन.

कपाट आता मंद तपकिरी दिसतं. पुसताना हाताला लाकूड लागतं. ग्रंथ परत लावताना एका ग्रंथाचं पान सुटलेलं दिसलं. चमचाभर कणकेची खळ शिजवली, सांधलं, आणि भांडं लगेच धुऊन टाकलं.

तुमच्या घरात काय कशानं जोडलंय, कधी विचारलंत का? पुढच्या वेळी मिस्त्री किंवा पॉलिशवाले आले की एकदा विचारून बघा, आणि मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.