वादळ बंगालच्या उपसागरात, महापूर मराठवाड्यात: नेमकं काय घडतं?

नांदेड आणि लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग चक्रीवादळाशी आपला काय संबंध? सप्टेंबर २०२१ मधल्या 'गुलाब' चक्रीवादळाने याचं उत्तर दिलं.

'गुलाब' इथे कसं पोहोचलं?

२६ सप्टेंबरच्या संध्याकाळी हे वादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकलं. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, पण ढगांमधलं बाष्प कायम राहिलं. कमी दाबाचं क्षेत्र बनून ते तेलंगणामार्गे मराठवाड्यावर आलं आणि २७-२८ सप्टेंबरला धो-धो पाऊस झाला. हीच प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरली, 'शाहीन' नावाने पुन्हा चक्रीवादळ बनली आणि ओमानवर धडकली.

नुकसान इतकं का वाढलं?

कारण संकट एकटं आलं नव्हतं. एकात एक अशी चार कारणं होती:

१. भिजलेली जमीन: सप्टेंबरच्या सुरुवातीलाही अतिवृष्टी झाली होती. काळी माती भिजली की फुगते, भेगा बुजतात, पाणी मुरत नाही. पडलेलं पाणी थेट ओढ्या-नाल्यात जातं.

२. भरलेली धरणं: पावसाळ्याच्या शेवटी धरणांत जागा उरत नाही. मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले. याच धरणाने तळ गाठल्यामुळे २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं! आता नदीकाठच्या गावांत अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं.

३. नद्यांचा फुगवटा: तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा पुढे गोदावरीला. मोठी नदी दुथडी भरली की लहान नदीचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे शिवारात पसरतं.

४. काढणीचा हंगाम: सोयाबीन काढणीला आलेलं होतं. शेतात पाणी साचलं की शेंगांना कोंब फुटतात. हेच पाणी जुलैमध्ये आलं असतं, तर दुबार पेरणीचा पर्याय तरी असता. सप्टेंबरच्या शेवटी तोही नसतो.

सगळ्यात मोठा धोका कुठे?

पुलावर. २८ सप्टेंबरला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुरात वाहून गेली. यात प्रवाशांचे जीव गेले.

मदत किती मिळाली?

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टी आणि पूरग्रस्तांसाठी १० हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायती शेतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार, बहुवार्षिक पिकांना २५ हजार रुपये. मर्यादा २ हेक्टर.

लक्षात काय ठेवायचं?

'वादळाचा जोर ओसरला' ही बातमी वाऱ्याबद्दल असते, पावसाबद्दल नाही. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, तर तीन गोष्टी बघा: आपल्या जिल्ह्याचा पावसाचा इशारा, वरच्या धरणातला साठा आणि विसर्ग. आणि पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालू नका.